ओझं हवेत असताना

यारीवाल्याशी बोलायचं असेल तर आधी त्याचे हात रिकामे व्हावे लागतात, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हातात काही असलं की त्याच्या तोंडाला कुलूप. मग तो साधा चहाचा कप का असेना. दारातून हाक मारा, खिडकीतून मारा, कानाशी जाऊन मारा, गडी बघायचासुद्धा नाही. चहा पिऊन व्हायचा, कप विसळून पालथा पडायचा, हात पुसून व्हायचे आणि मग यायचं, "हं, काय म्हणत होतास?" तोवर विचारणारा बहुतेक वेळा निघून गेलेला असायचा.

नवख्याला वाटे, म्हातारा एकतर बहिरा आहे नाहीतर शिष्ट. तो दोन्ही नव्हता. उभा जन्म त्यानं विहिरीच्या काठावर यारी चालवण्यात घातला होता. विहीर खोदताना आतली दगडमाती वर काढायला जे इंजिनावरचं उचलयंत्र लावतात, ती यारी. खाली माणसं पहारी घेऊन खडक फोडत असतात, भरलेली लोखंडी बादली त्यांच्या डोक्यावरून वर निघते, आणि ती सगळी वरच्या एका माणसाच्या मुठीतल्या दांड्यावर लटकलेली असते. त्या माणसाला शिस्त एकच. ओझं हवेत असताना तोंड उघडायचं नाही. कोणी हालहवाल विचारली तरी नाही, कोणी आईवरून शिवी दिली तरी नाही. बोललं की मान वळते, मान वळली की हात सैल पडतो. तरुणपणी त्यानं असा एक हात सैल पडताना पाहिला होता. हात दुसऱ्याचा होता. काठावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसानं त्या यारीवाल्याला "कसं काय?" एवढंच विचारलं, त्यानं "बरं आहे" म्हटलं, आणि खाली काम करणाऱ्या एकाला नंतर त्याच बादलीतून वर काढावं लागलं. तेव्हापासून आमच्या माणसाची जी बोलती बंद झाली ती कायमची.

त्याची बायको होती तोवर एक किस्सा रंगवून सांगायची. मुलगी झाली तेव्हा तिचा भाऊ सायकल दामटत विहिरीवर गेला आणि लांबूनच ओरडला, "दाजी, मुलगी झाली." दाजींनी ढुंकून पाहिलं नाही. बादली वर आली, बाजूला फिरली, रिकामी झाली, परत खाली जाऊन टेकली. मग इंजिन बंद करून दाजींनी विचारलं, "ती कशी आहे?" भाऊ बिचारा तोवर रागावून अर्ध्या वाटेत पोचला होता. "माझी पोर जन्मली तेव्हा हे बादली उतरवत होते," असं ती बाई येईल-जाईल त्याला ऐकवायची. "मी मेले तरी आधी बादली उतरवतील." तसं झालं नाही. ती गेली तेव्हा याचे हात रिकामेच होते, आणि तरीही हा काही बोलला नाही.

आता राहिली होती दोघंच, बाप आणि लेक. पंक्चरच्या दुकानावर माडीची एक खोली, पुढे हातभर गच्ची, मागे मोरी. खाली दुकानदाराचा हवा भरायचा कंप्रेसर चालू झाला की वरच्या खोलीतली भांडी थरथरत. लेकीनं लग्न केलं नव्हतं. बापाला कोण बघणार, असं ती सांगे आणि लोकही तेवढ्यावर गप्प बसत. ती शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कॉलरवाली म्हणजे शिवणाऱ्या बायकांच्या लाईनची किल्ली. तिच्या हातून कॉलर पुढे सरकली नाही की पुढच्या सगळ्या जणी हात बांधून बसतात. त्यामुळे तिला मान होता, आणि तेवढाच जाचही.

यारीवाला एकदा जिन्यात चक्कर येऊन बसला आणि घरातलं सगळं बदललं. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला स्पष्ट सांगितलं, या माणसाला दिवसभर एकटं ठेवता येणार नाही. एकतर गावाबाहेरच्या निवाऱ्यात ठेवा, नाहीतर केंद्राचं बोलणारं यंत्र घरी न्या. निवारा लेक पाहून आली होती. खाटांच्या रांगा, प्रत्येकाच्या उशाशी एक पेला, आणि कोणाच्याच हातात काही नाही. ती यंत्राला हो म्हणाली.

यंत्र आणलं सिस्टरनं. घागरीएवढं, पांढरं, खाली गोल, वर मानेसारखा भाग आणि त्यात दोन हिरवे दिवे. चालता येत नव्हतं, मान तेवढी वळायची. खोलीच्या कोपऱ्यात कपाटावर ठेवल्यावर त्यानं मान फिरवून मोरीपासून गच्चीपर्यंत सगळी खोली पाहून घेतली, अगदी भाड्यानं घ्यायला आलेल्या माणसासारखी.

"आजोबा, ही तुमच्याशी गप्पा मारेल," सिस्टर म्हणाली. "गोळ्यांची आठवण देईल. तुम्ही उठताना, हिंडताफिरताना दिसलात की विचारपूस करेल. तुम्ही उत्तर दिलंत की झालं."

"आणि नाही दिलं तर?" लेकीनं विचारलं.

"आणखी दोन हाका मारेल. मग तुम्हाला फोन लावेल. तुमच्याकडूनही काही आलं नाही तर गाडी पाठवेल. म्हणजे तुमच्या जिवाला घोर नाही."

"उत्तर कुणीही दिलं तर चालतं?" खालून वर आलेल्या पंक्चरवाल्यानं विचारलं. "काकांच्या वतीनं मी देत जाईन. मला बोलायला आवडतं."

सिस्टर हसली. आवाज आजोबांचाच लागतो, म्हणाली. फोन नंबरही नातेवाइकाचाच लागतो.

आता बघा कसं असतं. यंत्र करणाऱ्यांनी विचार चांगलाच केला होता. माणूस बसलेला असेल तर त्याला उगाच छळू नये, उठला-हलला की विचारावं, कारण पडण्याची भीती तेव्हाच. बरोबरच आहे. पण यारीवाला रिकाम्या हातानं कधी उठतच नसे. उठला की हातात बादली, नाहीतर तवा, नाहीतर पान्हा. म्हणजे यंत्र बोलणार नेमकं तेव्हाच जेव्हा हा बोलणार नाही. हे तिथं उभ्या असलेल्या चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

कारखान्याच्या फाटकावर फोन काढून घेतात, म्हणून लेकीनं लाईनबाईचा नंबर दिला. लाईनबाई म्हणजे त्यांची सुपरवायझर. मावसबहीण म्हणून लावला नंबर, नातं लागतंच होतं म्हणे कुठूनतरी.

पहिल्याच सकाळी यारीवाला मोरीतून बादली भरून गच्चीकडे निघाला. कोपऱ्यातून गोड आवाज आला, "आजोबा, आज कसं वाटतंय?" यारीवाला चालत राहिला. "आजोबा, माझं बोलणं ऐकू येतंय का?" त्यानं बादली तुळशीच्या कुंडीत अर्धी ओतली. "आजोबा, मला तुमची काळजी वाटतेय." त्यानं उरलेलं पाणी फरशीवर टाकलं, बादली पालथी घातली, हात पुसले, आत येऊन यंत्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हं, काय म्हणत होतीस?"

"मी तुमच्या घरच्यांना कळवलं आहे. मदत लवकरच येईल."

कोणाला मदत लागली म्हणून यारीवाल्यानं खिडकीतून खाली वाकून पाहिलं.

तिकडे लाईनबाई फोन कानाला लावून मशिनच्या रांगेतून आली. "अगं, तुझ्या वडिलांनी बोलणं टाकलंय म्हणे. घरात भांडण झालं का?" अर्धी कॉलर तशीच सुईखाली ठेवून ती धावत घरी आली. बाप गच्चीत झाडू मारत होता. तिनं हाक मारली, तर झाडू भिंतीला टेकवून झाल्यावर म्हणाला, "आज लवकर सुटलीस?"

दुसऱ्या खेपेला तो दाढी करत होता. गळ्यावर वस्तरा असताना बोलणारा माणूस तर कोणीच नसतो, पण यंत्राला दाढीचं काय कळतं. तिसऱ्या खेपेला खुर्चीवर चढून दिव्याची काच पुसत होता. हे मात्र लेकीलाही आवडलं नाही. पण पडला नव्हता, तोंड फक्त बंद होतं. दर वेळी लाईनबाईचा फोन वाजे, आणि दर वेळी वाटेत लेक स्वतःला बजावी की हातात काहीतरी असेल, दुसरं काही नसेल. आणि तरी चपलेचा अंगठा तुटेपर्यंत धावे. कारण एखाद्या खेपेला दुसरं काही असलं तर?

पंक्चरवाल्याला गंमत वाटायची. "काका, तुमच्या मागं लागलेली एवढी गोड आवाजाची बाई मी पाहिली नाही. एक शब्द टाका की तिच्या पदरात."

लाईनबाईची गंमत मात्र संपली. तिनं लेकीला बाजूला घेतलं. "मी तुला वाईट म्हणत नाही. मलाही म्हातारी सासू आहे. पण तू उठून गेलीस की पुढच्या सगळ्या जणी भिंतीकडे बघत बसतात आणि वरचे माझ्या नावानं शंख करतात. आता पुन्हा भरल्या लाईनमधून उठलीस तर कॉलरवर दुसरी बसेल. माझ्या हातात नाही ते."

लेक आरोग्यकेंद्रात गेली. हाकांमधलं अंतर वाढवून देता येतं का, विचारलं. सिस्टर चांगली होती, तिनं टाळाटाळ केली नाही. "ते वरून ठरतं, ताई. सगळ्यांना सारखं. आणि खरं सांगू? मी वाढवून दिलं आणि नेमके त्याच वेळात आजोबा पडले, तर तुम्ही मलाच विचाराल." यंत्र परत करावं तर निवारा. ठेवावं तर कॉलर जाणार. आणि कॉलर गेली तर ही खोलीही राहत नाही, मग निवाऱ्यात बाप आणि रस्त्यावर ती.

त्या संध्याकाळी बापाचं जेवून, ताट घासून, हात पुसून होईपर्यंत ती थांबली.

"बाबा, ती हाक मारते ना, तेव्हा एक शब्द म्हणायचा. ठीक. बस, तेवढाच."

"म्हणतो की."

"लगेच म्हणायचा. हातात काही असलं तरी."

तो गप्प झाला. हात रिकामे असून गप्प झाला म्हणजे गोष्ट अवघड होती.

"बाबा, ही विहीर नाही. खाली कोणी उभं नाही."

"ते तुला माहीत," तो म्हणाला. "हाताला कसं कळायचं?"

"माझी जागा जाईल."

त्यानं बराच वेळ आपल्या पंजांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं." या माणसाचं 'बरं' म्हणजे दगडावरची रेघ. लेक त्या दिवशी शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी तो चुलीवरून उकळत्या दुधाचं पातेलं उतरवत होता आणि कोपऱ्यातून आवाज आला. त्यानं शब्द दिला होता. मान वळली, "ठीक" म्हणाला, आणि दूध पायावर सांडलं.

"छान," यंत्र म्हणालं. "तुमचा दिवस आनंदात जावो."

पायावर त्यानं पाणी ओतलं, वर मोजा चढवला आणि लेकीला काही सांगितलं नाही. पण त्याच्या मनानं घेतलं. दोन्ही गोष्टी एकत्र होत नाहीत, एक सोडायला हवी. बोलणं सोडता येत नव्हतं, त्यावर लेकीची जागा लटकलेली. मग उरले हात.

त्या दिवसापासून यारीवाल्यानं हातात काही घ्यायचं सोडलं.

सकाळी लेक गेली की तो खुर्ची यंत्रासमोर ओढून बसे. गुडघ्यावर दोन पंजे पालथे. दाढी बंद. गच्ची झाडणं बंद. डबा उघडायचा म्हणजे झाकण हातात येतं, म्हणून दुपारचं जेवण बंद. पाण्याचा पेला उचलायचा तो आधी यंत्राकडे बघून, अगदी रस्ता ओलांडणाऱ्यासारखा अंदाज घेऊन, घाईनं दोन घोट. मोरीत जाऊन यायचं ते हात मोकळे ठेवून. यंत्र विचारे, "आजोबा, कसं वाटतंय?" आणि हाक पुरी व्हायच्या आत उत्तर येई, "ठीक." कधीकधी यंत्रानं काही विचारलेलं नसे, नुसती मान वळलेली असे, तरी हा म्हणून मोकळा होई.

पंक्चरवाला सायकलचं वाकडं चाक घेऊन वर आला. आरे ताणून चाक सरळ करणं हे काकांचं आवडतं काम, चहाच्या बदल्यात करून द्यायचे.

"आता नाही," यारीवाला म्हणाला. "ड्यूटीवर आहे."

"कसली ड्यूटी?"

"उत्तर द्यायची."

"अहो, मग चाक मांडीवर ठेवा आणि द्या उत्तर. तोंड काय हातानं उघडता?"

"तू तुझं दुकान बघ."

पंक्चरवाला चाक घेऊन परत गेला. संध्याकाळी लेकीला म्हणाला, "ताई, काकांची तब्येत ठीक नाही का? आज चाकाला हात लावला नाही." लेक म्हणाली, थकलेत जरा.

महिन्याच्या तपासणीला सिस्टर आली ती खूश होऊन. आजोबांचा प्रतिसाद उत्तम आहे म्हणाली, केंद्रात सगळ्यांत झटपट उत्तर यांचंच. यारीवाला खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. लेकीनं हसून मान डोलावली आणि हसता हसता तिचं लक्ष बापाच्या पायांकडे गेलं. मोज्याच्या कडेशी घोट्यावर खोल वळ उठला होता. पाय सुजले होते. तिनं नजर उचलली.

तिला कळलं नव्हतं असं नाही. भरलेला डबा रोज तसाच मिळत होता, चूल हाताला गार लागत होती, दाढीचे खुंट वाढून पांढरी दाढी झाली होती. "भूक नव्हती," म्हणे तो, आणि रात्री दुष्काळातून आल्यासारखा जेवे. ती विचारायची, पण एकदाच. कारण दुसऱ्यांदा विचारलं तर खरं उत्तर यायचं, आणि खरं उत्तर आलं की काहीतरी करावं लागायचं. लाईनबाईचा फोन आता वाजत नव्हता. कॉलरी सरळ निघत होत्या. पण बाकीच्या बायका गाणी लावून शिवत असताना हिचा एक कान कायम त्या न वाजणाऱ्या फोनकडे लागलेला असे. आधी तो वाजला की धस्स व्हायचं, आता वाजत नाही म्हणून व्हायला लागलं.

पुढे एका दुपारी यारीवाला खुर्चीतून उठला आणि पाय जागचे हललेच नाहीत. बसून बसून बधिर झालेले. वरचं अंग पुढे गेलं, खालचं मागं राहिलं. खाट आणि भिंत यांच्यामध्ये तो कुशीवर आदळला. कमरेत काहीतरी लाकूड मोडावं तसं वाजलं. खाली त्याच वेळी कंप्रेसर सुरू होता.

यंत्रानं मान वळवली. "आजोबा, काहीतरी पडल्यासारखा आवाज आला. तुम्ही ठीक आहात का?"

फरशीवर गाल टेकलेला, कमरेखाली आगीचा लोळ. वेळ कामाची होती. लाईन भरलेली होती. हात रिकामे होते.

"ठीक," तो म्हणाला.

"नक्की ना?"

"ठीक म्हटलं ना."

"छान. थोडं पाणी प्यायलात तर बरं वाटेल."

त्यानं हिशेब सरळ केला होता. संध्याकाळी ती येतेच. तोवर पडून राहायचं. तळाला अडकलेली माणसं वरून दोर येईपर्यंत पडून राहतात, त्यात काय मोठं. यंत्र थोड्या थोड्या वेळानं विचारत राहिलं आणि तो दात आवळून ठीक म्हणत राहिला.

कारखान्यात चहाची सुट्टी झाली. लाईनबाई त्या दिवशी खुशीत होती, टार्गेट पुरं होत आलं होतं. लेक तिच्या आजूबाजूला घुटमळत होती.

"काय गं, फोन हवाय? आज तर तुझ्या बापानं त्रास दिला नाही."

"म्हणूनच. एकदा बोलून घेते."

यंत्रातून बोलता येत असे. लेकीनं फोन कानाला लावला.

"बाबा, काय करताय?"

"बसलोय."

आवाज लांबून आला, आणि खालून आल्यासारखा. खुर्ची यंत्रासमोर होती, मग आवाज लांबून कसा?

"जेवलात?"

"हो."

"भाजी कशी होती?"

जरा वेळ काहीच आलं नाही. डबा तर त्यानं उघडलाच नव्हता. मग, "चांगली होती."

घंटा झाली. बायका पेले ठेवून मशिनकडे वळल्या. लाईनबाईनं फोनसाठी हात पुढे केला. लेकीनं तो कानापासून काढला नाही.

"बाबा, खिडकीशी जा आणि पंक्चरवाल्याला हाक मारा. मला त्याच्याशी काम आहे."

"मग मारतो."

"आत्ता मारा."

"पोरी," तो म्हणाला, "घंटा झाली ना तुझी? तू कामावर जा."

लेकीनं फोन लाईनबाईच्या हातात दिला आणि ती फाटकाकडे चालू लागली. मागून हाक आली, "अगं, कुठे? अगं, मी काय सांगितलं होतं?" ती चालत होती ती धावायला लागली. कॉलरचं मशिन रिकामं राहिलं आणि पुढच्या सगळ्या जणी माना वळवून बघत बसल्या.

दुकानाशी येऊन तिनं आधी कंप्रेसरचं बटण बंद केलं. "वर चला," एवढंच म्हणाली. पंक्चरवाला हातातला टायर तसाच टाकून तिच्या मागं जिना चढला.

बाप खाट आणि भिंत यांच्यामध्ये पडला होता. तोंड राखेसारखं. तिला पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मशिन कोणाकडे दिलंस?" त्यानं विचारलं.

ती त्याच्याजवळ खाली बसली आणि मान वर करून यंत्राला म्हणाली, "गाडी बोलव. पडलेत ते."

"आजोबांनी ठीक असल्याचं सांगितलं आहे," यंत्र म्हणालं. "मी त्यांना पुन्हा विचारते. आजोबा, तुम्ही ठीक आहात का?"

यारीवाल्यानं लेकीकडे पाहिलं.

"नाही म्हणा," ती म्हणाली.

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. पंक्चरवाला पुढे झाला, "काका, अहो म्हणा की, कशाला जीव टांगणीला लावताय सगळ्यांचा."

"हिची जागा," यारीवाला कसाबसा म्हणाला.

"गेली," लेक म्हणाली. "आता म्हणा."

तिला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. लाईनबाईनं दया दाखवली असती, वरच्यांचं लक्ष नसतं, काहीही झालं असतं. पण ती ठाम आवाजात गेली म्हणाली, आणि बापानं डोळे मिटून घेतले.

"नाही," तो म्हणाला. "ठीक नाही."

"कळवते आहे," यंत्र म्हणालं. गाडी लवकर आली. ते त्याचं काम त्यानं चोख केलं.

जागा खरोखरच गेली. कॉलरवर दुसरी बसली, हाताला चांगली आहे म्हणतात. लाईनबाईनं भांडून हिला फाटकाजवळच्या टेबलावर लावलं, तयार शर्टांचे लोंबते धागे कापायचं काम. ते काम अगदीच नवशिक्या पोरींना देतात आणि मिळकतही तशीच. त्या टेबलावर फोन जवळ ठेवू देतात, हे तिनं आधी विचारून घेतलं होतं. खोलीचं भाडं भागावं म्हणून रात्री ती घरी शेजाऱ्यांचे कपडे शिवते.

यारीवाला कमरेत लोखंड घालून घरी आला. वॉकर धरून चालतो, म्हणजे चालताना दोन्ही हात अडकलेले. चालताना एक शब्द बोलायचा नाही, असं लेकीनंच त्याला बजावलंय. यंत्र कोपऱ्यात आहे. हाकांमधलं अंतर वरून अजून वाढवून आलेलं नाही. सिस्टरनं अर्ज पुढे पाठवलाय.

आता फोन थेट लेकीला येतो. "प्रतिसाद नाही" असं दिसतं आणि खाली "मी बघते" असं एक बटण. ते वेळेत दाबलं नाही की गाडी सुटते. ती कात्री खाली ठेवते, बोट बटणाच्या वर धरते आणि वाट पाहते. शेजारच्या पोरीचाच जीव वरखाली होतो. "बघा की हो, म्हातारा पडला असेल." "चालत असतील," लेक म्हणते. बहुतेक वेळा थोड्या अवकाशानं उत्तर येतं, कप ठेवत होतो, मोरीत होतो, खुर्चीत बसत होतो. मग ती पुन्हा धागे कापायला लागते. एक डोळा फोनवर असतो, त्यामुळे शर्टांवर कात्रीचे चरे दिसायला लागलेत आणि लाईनबाई असे शर्ट गुपचूप बाजूला काढून ठेवते.

परवा फोन उजळला. विचारपूस झाली होती आणि उत्तर आलं होतं, पहिल्याच हाकेला. ठीक.

लेकीनं ते दोनदा वाचलं. मग कात्री ठेवून ती भिंतीशी गेली आणि पंक्चरवाल्याला फोन लावला. मागं कंप्रेसर धडधडत होता, तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"जरा वर जाऊन बघता का?"

"का? काय झालं?"

"काही नाही. ठीक आहे म्हणालेत."

कंप्रेसर बंद झाला. "जातो," पंक्चरवाला म्हणाला, आणि जिन्यावर त्याची पावलं तिला फोनमधून ऐकू येऊ लागली.